पॉम्पेईच्या रस्त्यांवरून

इटली देशाच्या दक्षिण भागात नेपल्स हे मोठे बंदर आहे. तेथून आगगाडीने तासाभराच्या आत प्रवासी एका विलक्षण नगराच्या वेशीशी येऊन पोहोचतो. त्या नगरात फरसबंद रस्ते आहेत, घरे आहेत, दुकाने, देवळे आणि नाटकगृहेही आहेत. नाहीत ती फक्त तेथे राहणारी माणसे. हे नगर म्हणजे पॉम्पेई होय. नगरापासून सुमारे १० किलोमीटरांवर व्हेसूव्हियस पर्वत उभा आहे. त्याच्याकडे पाहून कोणासही तो निरुपद्रवी डोंगर वाटावा. पॉम्पेईच्या लोकांनाही तसेच वाटत होते. त्याच्या उतारांवर त्यांचे द्राक्षांचे मळे होते.

इ. स. ६२ मध्ये या प्रदेशात मोठा भूकंप झाला. पडलेल्या भिंती लोकांनी पुन्हा उभारावयास घेतल्या. ती डागडुजी पुरती संपलीही नव्हती, तोच इ. स. ७९ मध्ये एके दिवशी दुपारच्या सुमारास पर्वताचा माथा फुटला. राखेचा प्रचंड स्तंभ आकाशात चढला व वर जाऊन छत्रीसारखा पसरला. उपसागराच्या पलीकडून प्लिनी नावाचा १७ वर्षांचा मुलगा हे पाहत होता. पुढे त्याने आपल्या दोन पत्रांत या उत्पाताचे वर्णन केले. प्रत्यक्ष पाहणाऱ्याने लिहिलेला तेवढाच वृत्तान्त आज उपलब्ध आहे. त्याचा मामा आरमाराचा अधिकारी होता. तो गलबते घेऊन लोकांच्या सुटकेसाठी गेला आणि परत आला नाही.

पॉम्पेईवर प्रथम हलक्या, सच्छिद्र दगडांचा पाऊस पडला. तो रात्रीपर्यंत चालला. त्याच्या भाराने छपरे कोसळली. अनेकांनी या अवधीत नगर सोडले. जे मागे राहिले, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी पर्वतावरून वेगाने आलेल्या तप्त वायूच्या व राखेच्या लोटांनी गाठले. चार ते सहा मीटर जाडीच्या थराखाली सारे नगर झाकून गेले. प्लिनीच्या पत्रांच्या जुन्या प्रतींवरून हा दिवस २४ ऑगस्ट मानीत आले होते. परंतु २०१८ साली एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबर ही तारीख आढळली. कोळशाचे अक्षर फार काळ टिकत नाही, असे मानले गेले. म्हणून हा उत्पात शरद ऋतूत झाला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

पुढे सोळाशे वर्षांहून अधिक काळ हे नगर मातीखाली राहिले. १७४८ साली येथे खोदकाम सुरू झाले. ते प्रथम मौल्यवान वस्तूंच्या लोभाने चालले होते. हे पॉम्पेईच होय, हे १७६३ साली एका शिलालेखावरून निश्चित ठरले.

नगर पाहावयाचे ते पायीच. समुद्राकडील वेशीतून चढण चढून आत गेले, की काही पावलांतच विस्तीर्ण चौक लागतो. येथे देऊळ, न्यायसभा आणि बाजार होता. प्रवाशांची गर्दी येथेच जास्त असते. देवळाचे भग्न खांब व त्यांच्या मागे व्हेसूव्हियस हे दृश्य खरोखरच भव्य आहे. परंतु भव्य देवळे इतरत्रही पाहावयास मिळतात. पॉम्पेईचे खरे वैशिष्ट्य चौक सोडून रस्त्याला लागल्यावर, मान खाली घालून चालणाऱ्यास कळते.

रस्ते काळ्या ज्वालामुखी दगडांच्या मोठ्या फरशांचे आहेत. दोन्ही बाजूंस उंच पदपथ आहेत आणि मध्ये ठिकठिकाणी, एका पदपथावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी, उंच दगड बसविलेले आहेत. आपल्याकडे ओढा ओलांडण्यासाठी पात्रात दगड टाकतात, त्यांची आठवण यावी. पावसाचे, कारंज्यांचे आणि घरांतले सांडपाणी रस्त्यावरून वाहत असे. पाय न भिजविता पलीकडे जाता यावे, म्हणून ही योजना. दोन दगडांमधील अंतर असे ठेवले आहे, की गाडीची चाके त्यांतून नेमकी जावीत. त्या चाकांनी कठीण दगडात खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत. चाकोऱ्या कोणत्या बाजूस वळतात, कडेचे दगड कोठे घासले आहेत, हे बारकाईने तपासून काही रस्त्यांवर एकाच दिशेने वाहतूक चालत असे, असे विद्वानांनी दाखवून दिले आहे.

चौकाचौकांत पाण्याचे दगडी हौद आहेत. नळाच्या तोंडाशी हौदाच्या काठावर एक गुळगुळीत खोलगट भाग दिसतो. पाणी पिण्यासाठी वाकताना लोक जेथे हात टेकवीत, तेथे तो दगड झिजला आहे. आपल्या जुन्या विहिरींच्या काठांवर दोराने पडलेले चर असतात, तसाच हा प्रकार. किती तळहात येथे टेकले असतील, याची गणती कोण करणार?

पॉम्पेईत तीसहून अधिक भटारखाने सापडले आहेत. पैकी एकाच्या भट्टीत ८१ पाव जसेच्या तसे होते. अर्थात जळून कोळसा झालेले. पाव गोल असून त्यावर आठ भाग पाडणाऱ्या खुणा आहेत. भटारखान्याच्या अंगणात मध्यभागी निमुळती अशी पुरुषभर उंचीची दगडी जाती उभी आहेत. ती गाढवांकडून फिरवून घेत. येथवर पाहून प्रवाशास कौतुक वाटते. परंतु २०२३ साली उजेडात आलेला एक भटारखाना पाहिला म्हणजे हे कौतुक थोडे ओसरते. त्याच्या कामाच्या जागेस बाहेर जाण्यास मोकळी वाट नव्हती. खिडक्या लहान, उंचावर आणि लोखंडी गजांच्या होत्या. जमिनीतील फरशांवर अर्धवर्तुळाकार खाचा कोरल्या होत्या, त्या जनावरांनी ठराविक जागीच पाऊल टाकावे म्हणून. या कोंडवाड्यात गुलाम आणि गाढवे एकत्र राबत असत, असे संशोधकांचे मत आहे. नगराचा रोजचा पाव अशाही हातांनी तयार होत होता. त्या हातांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत.

येथून पूर्वेकडे जाणारा लांब सरळ रस्ता हा नगराचा मुख्य व्यापारी रस्ता. दुतर्फा खानावळी, त्यांच्या ओट्यांत मोठाले रांजण बसविलेले. भिंतींवर निवडणुकीतील उमेदवारांची नावे लाल-काळ्या रंगांत रंगविलेली. अशा दोन हजारांहून अधिक जाहिराती नगरात मिळाल्या आहेत. मुलांनीही भिंती सोडल्या नाहीत. २०२४ साली याच रस्त्यालगतच्या एका घरात कोळशाने काढलेली चित्रे प्रसिद्धीस आली : ढालतलवार घेतलेले योद्धे, आणि चिमुकला पंजा भिंतीवर टेकवून भोवताली ओढलेली रेघ. तो पंजा कोणाचा होता, हे सांगावयास कोणीही उरले नाही.

याच रस्त्यावरील एका घरात १९३८ साली हस्तिदंताची एक मूर्ती मिळाली. ती सुमारे २५ सेंटीमीटर उंच आहे. भरजरी अलंकार घातलेली स्त्री व तिच्या दोन्ही बाजूंस दोन लहान दासी असे तिचे रूप आहे. मूर्ती रोमन नाही. ती भारतीय आहे. प्रथम तिला लक्ष्मी म्हटले गेले. आता ती यक्षी असावी असे मानतात. तिच्याशी निकटचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सापडल्या आहेत. ही दोन्ही सातवाहनकालीन व्यापाराची प्रसिद्ध ठिकाणे. मूर्तीच्या तळाशी मात्र वायव्य भारतात चालणाऱ्या खरोष्ठी लिपीतील खूण आहे. त्यामुळे ती नेमकी कोठे घडली, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. दख्खनचा माल तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून रोमकडे जात असे. आरमारावरील त्या थोरल्या प्लिनीनेच आपल्या ग्रंथात तक्रार केली आहे, की हिंदुस्थान दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो! त्यांपैकी काही नाणी या मूर्तीसाठी मोजली गेली असतील. मूर्ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. श्रीमंतांच्या घरांतील पुष्कळशा उत्तम वस्तूही तेथेच आहेत. सिकंदर व दारयवहू यांच्या युद्धाचे, बारीक दगडी तुकड्यांचे विख्यात भूचित्रही तेथेच पाहावे लागते.

रस्त्याच्या दक्षिणेस एका जुन्या मळ्यात तेरा मानवाकृती आडव्या पडलेल्या दिसतात. काही लहान मुलांच्या आहेत. हे पुतळे कोणा शिल्पकाराने घडविलेले नाहीत. राखेत गाडलेले देह कालांतराने नाहीसे झाले, पण भोवतालची राख घट्ट होऊन त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या. १८६३ साली खोदकामाचे प्रमुख फिओरेल्ली यांनी अशा पोकळीत पातळ प्लॅस्टर ओतले व ते घट्ट झाल्यावर राख काढून टाकली. कपड्याच्या चुण्या आणि चेहऱ्यावर धरलेले हात यांसह माणूसच समोर आला. अशा शंभरांवर आकृती आज आहेत. दुसऱ्या एका घरातील एक आकृती मांडीवर मूल घेतलेल्या आईची म्हणून फार वर्षे सांगितली जाई. २०२४ साली हाडांच्या अंशांची तपासणी झाली, तेव्हा तो पुरुष असून त्या मुलाशी त्याचे रक्ताचे नाते नव्हते असे दिसून आले. कोणा परक्याच्या लेकराला त्याने अखेरच्या क्षणी जवळ घेतले असेल काय? हाडे एवढे सांगू शकत नाहीत.

नगराच्या पूर्व टोकास २०,००० माणसे बसतील एवढे लंबवर्तुळाकार क्रीडागृह आहे. तेथे इ. स. ५९ मध्ये शेजारच्या गावच्या प्रेक्षकांशी एवढी दंगल झाली, की खेळांवर दहा वर्षांची बंदी आली.

राखेखाली जे सुरक्षित राहिले, ते उघड्यावर येताच झिजू लागले. ऊन, पाऊस आणि गवताची मुळे भिंती पोखरतात. १९४३ साली महायुद्धात या अवशेषांवर शंभराहून अधिक बाँब पडले. २०१० साली एक इमारत आपोआप कोसळली, तेव्हा जगभर हळहळ व्यक्त झाली. आणि प्रवाशांची पावलेही दगड झिजवितातच. २०२४ च्या नोव्हेंबरपासून दिवसाला २०,००० माणसांनाच आत सोडण्याचा नियम झाला आहे. नगराचा सुमारे एक-तृतीयांश भाग अद्याप खणलेला नाही. तो खणण्याची घाई करण्यापेक्षा उघडे पडलेले आधी सांभाळावे आणि उरलेले अधिक कुशल साधने हाती येणाऱ्या पुढच्या पिढ्यांसाठी ठेवावे, असा तेथील पुरातत्त्वज्ञांचा विचार आहे. त्यामुळे काही रस्ते चालता चालता अचानक मातीच्या उंच भिंतीपाशी संपतात. चाकोऱ्या मात्र त्या मातीखाली तशाच पुढे गेलेल्या आहेत.