इंट दोन बाइटचा, हे कुणी ठरवलं?

सी भाषेच्या वह्यांत, तोंडी परीक्षेत आणि नोकरीच्या चाचण्यांत एक वाक्य अजून ठाण मांडून आहे: ‘इंट म्हणजे दोन बाइट.’ ते घोकलेला विद्यार्थी लॅपटॉपवर साइझऑफ चालवतो, उत्तर 4 येतं आणि त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

त्याचं काही चुकलेलं नाही. बोरलँडचा टर्बो सी 1987 सालचा, 16 बिटांच्या डॉसवरचा. तिथे दोन बाइटचा इंट रास्तच होता. आपण मात्र तो डॉसबॉक्समध्ये घालून जगवला आणि त्या एका कंपायलरचं माप भाषेचा नियम म्हणून शिकवत राहिलो. 1989 च्या प्रमाणकात इंट किती बाइटचा हे दिलेलंच नाही. उणे 32767 ते अधिक 32767 एवढं तरी त्यात मावलं पाहिजे, इतकीच अट आहे. पुढचं कंपायलरने ठरवायचं आणि लिमिट्स.एच या फाइलीत लिहायचं. शंका असेल त्याने गाइड मिटून ती फाइल उघडावी.

प्रश्न नुसत्या मार्कांचा नाही. 2011 च्या जनगणनेत रायगड जिल्ह्याची लोकसंख्या 26,34,200 होती. आजच्या जीसीसीत ती इंटमध्ये सहज बसते; चार बाइटमध्ये 214 कोटींपर्यंतचे आकडे मावतात. टर्बो सीच्या इंटमध्ये तीच ठेवा, वरचे बिट गळतात आणि पडद्यावर येतं 12760. अख्खा जिल्हा एका मोठ्या गावाएवढा, आणि चालता प्रोग्राम हूं की चूं करत नाही! नेमकं माप हवं असेल त्यांच्यासाठी स्टडइंट.एच 1999 च्या प्रमाणकापासून आहे. ती शिकवायला कुणी हरकत घेतली आहे का?

‘कॅरेक्टर टाइपमध्ये एक अक्षर मावतं’ हे इंग्रजीपुरतं खपतं. पेण तालुक्यातलं विनोबांचं जन्मगाव घ्या. सर्व भारतीय भाषांसाठी नागरीचा आग्रह धरणाऱ्या विनोबांच्या ‘गागोदे बुद्रुक’ला यूटीएफ-8 मध्ये स्ट्रलेन 40 मोजतं: नागरीच्या 13 चिन्हांना प्रत्येकी तीन बाइट, मधल्या जागेला एक. शेवटच्या शून्यासकट अॅरे 41 चा हवा.

‘लाँग आठ बाइटचा’: 64 बिटांच्या लिनक्सवर हो, विंडोजवर चारच.

‘पैशांसाठी फ्लोट’: साधारण सात अंकांपुढे भरवसा नाही, पैसे पूर्णांकात ठेवा.

पेपर काढणाऱ्यांनी निदान प्रश्नात कंपायलरचं नाव छापावं. नसेल छापलं, तर विद्यार्थ्यांनी उत्तराच्या आधी ते बेधडक विचारावं.