ग्रॅमभर कोंबू, पंधरवड्याचं आयोडीन

जपानी माणसं दीर्घायुषी का, या प्रश्नाला हल्ली एक ठरलेलं उत्तर मिळतं: ती समुद्री शेवाळ खातात म्हणून. उत्तर अगदीच खोटं नाही, पण अर्धवट आहे. एकतर ‘शेवाळ’ हा एकच पदार्थ नव्हे. सुशीभोवती गुंडाळलेली नोरी, मिसो सूपमधला वाकामे आणि ‘दाशी’ या रस्स्यासाठी वापरला जाणारा कोंबू यांचे गुण सारखे नाहीत. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. वाळलेल्या कोंबूच्या एका ग्रॅममध्ये ते दोन हजार मायक्रोग्रॅमपर्यंत, कधी त्याहून जास्तही सापडतं. नोरीच्या ग्रॅममध्ये मात्र ते जेमतेम दोन आकडी असतं. कोंबू उकळला की त्यातलं बहुतेक आयोडीन पाण्यात उतरतं, म्हणजे तुकडा काढून टाकला तरी रस्सा ते घेऊन ताटात येतोच.

शेवाळाचा सर्वांत भक्कम फायदा आयोडीन हाच. आयोडीन कमी पडलं की गलगंड होतो, गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. पण धोकाही तिथेच आहे. जपानी लोक एवढं आयोडीन पचवतात, मग आपल्याला काय होणार, असं कुणी म्हणेल. होक्काइदोच्या किनाऱ्यावर मात्र भरपूर कोंबू खाणाऱ्यांनाच गलगंड झालेला आढळला होता; १९६५ च्या सुमारास संशोधकांनी त्याची नोंद केली. आयोडीन फार झालं की थायरॉइड ग्रंथी आपलं काम आवरतं घेते, आणि काहींच्या बाबतीत ती पूर्ववत होत नाही. शिवाय आपल्याकडे मीठ आधीच आयोडीनयुक्त असतं.

हृदयाचं काय? जपानमध्ये हजारो लोकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा जवळजवळ रोज शेवाळ खाणाऱ्यांत हृदयविकार कमी दिसला. पक्षाघाताबाबत तसा संबंध दिसला नाही. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, कारण शेवाळ खाणारा मासे, सोयाबीन, भाज्याही खातो. तरी शेवाळातल्या तंतुमय द्रव्यांना कमी लेखू नये. २०१० मध्ये तर असं आढळलं, की नोरीतलं असं तंतुमय द्रव्य फोडणारी जनुकं समुद्री जीवाणूंकडून जपान्यांच्या आतड्यातल्या जीवाणूंपर्यंत पोहोचली आहेत. शाकाहाऱ्यांना सांगितलं जाणारं ब१२ जीवनसत्त्व नोरीत असतं खरं, पण ते शरीराला किती उपयोगी पडतं याचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. त्याच्या भरवशावर ब१२ची गोळी बंद करू नये.

आपल्या घरातला चायना ग्रासही शेवाळाचाच. त्याच्या खरवसासारख्या वड्यांतून तंतुमय द्रव्य मिळतं, आयोडीन नाममात्र. नोरी, वाकामे अधूनमधून खायला निरोगी माणसाला हरकत नाही. हिजिकी ही शेवाळाची जात मात्र टाळावी: तिच्यात असेंद्रिय आर्सेनिक जास्त असतं, आणि ब्रिटनच्या अन्न नियामकांनी ती न खाण्याचा सल्ला दिला आहे. ‘केल्प’ या शेवाळाच्या कॅप्सुलांवर आयोडीनचं प्रमाण लिहिलेलं नसेल तर त्या घेऊच नयेत, थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी किंवा गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच.