आजोबांचा सल्ला: कुठे तपासायचा, कुठे ऐकायचा

बारावीचा निकाल साधारण दुपारी एक वाजता ऑनलाइन लागतो आणि दिवेलागणीच्या आत घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाने आपला सल्ला देऊन टाकलेला असतो. नात किंवा नातू पेढा खात मान हलवतात. मनात मात्र दोनपैकी एक विचार असतो. एक तर ‘म्हाताऱ्यांचं सगळं जुनं झालं’, नाहीतर ‘आजोबा सांगतात म्हणजे खरंच असणार’.

दोन्ही चूक आहेत. मी स्वतः आजोबांच्याच पिढीतला आहे आणि माझं मत स्पष्ट आहे. टक्के, शाखा, प्रवेश यांबद्दलचं आमचं बहुतेक ज्ञान आता कालबाह्य झालं आहे. सही, कर्ज, जामीन आणि माणसं यांबद्दलचं अजून खणखणीत आहे. पोरं नेमकं उलटं करतात. शाखा निवडताना आजोबांचं ऐकतात आणि सही करताना त्यांना विचारतही नाहीत.

‘बारावीच्या टक्क्यांवर सगळं आयुष्य ठरतं’

एके काळी हे बरंचसं खरं होतं. इंजिनिअरिंग आणि मेडिकलचे प्रवेश बारावीच्या गुणांवरच मिळत, त्यामुळे दोन गुण कमी पडले की कॉलेज हुकायचं. आज महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला बारावीचे गुण पात्रतेपुरते लागतात: खुल्या प्रवर्गाला संबंधित विषयांत ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के. त्यापुढची गुणवत्ता यादी सीईटी किंवा जेईईच्या गुणांवर लागते. मेडिकलचं तसंच आहे. भौतिक, रसायन, जीवशास्त्रात मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के हवेत, पुढचं सगळं नीटवर. एनआयटीसारख्या संस्थांची ७५ टक्क्यांची अट असते, म्हणून बारावी सोडून द्यावी असं कोणी समजू नये. पण ८२ टक्क्यांवर घरात सुतक पाळायचं कारण नाही.

याच्या पोटात दुसरा गैरसमज दडलेला असतो. सीईटीला ९० पर्सेंटाइल आले की आजोबा शेजाऱ्यांना ‘नव्वद टक्के पडले’ असं सांगतात. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाइलचा अर्थ एवढाच, की परीक्षा दिलेल्यांपैकी ९० टक्के मुलांना तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण आहेत. परीक्षेला दोन लाख मुलं बसली असतील, तर तुमच्या पुढे वीस हजारांच्या आसपास मुलं आहेत. हा हिशोब घरात सगळ्यांना कळला, तर कॉलेज निवडताना निम्मी भांडणं होणारच नाहीत.

‘यादीत वर एखादं मोठं नाव टाकून ठेव, बघू पुढे’ हा सल्लाही जपून द्यावा. केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. नियम दर वर्षी थोडेफार बदलतात. त्यामुळे त्या वर्षीची सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय यादी भरू नये. गेल्या वर्षी शेजारच्या मुलाने काय केलं, हे इथे उपयोगाचं नाही.

‘मुलीच्या शिक्षणावर एवढा खर्च कशाला?’

हा प्रश्न आता कोणी तोंडावर विचारत नाही. ‘बीए कर, जवळच कॉलेज आहे, तब्येत सांभाळून होईल’ अशा मऊ शब्दांत तो येतो. म्हणून इथे थोडं थांबतो.

महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्णपणे शासन भरतं. अट एक आहे: प्रवेश कॅपमधून झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला, तर ही सवलत नाही. अनेक घरांत ‘कटकट नको, थेट पैसे भरून प्रवेश घेऊ’ म्हणतात आणि हातची सवलत घालवून बसतात. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जातवैधता ही कागदपत्रं निकालाआधीच हातात हवीत. जातवैधतेचा अर्ज तर बारावीत असतानाच करावा, कारण समितीकडे वेळ लागतो.

आणि फौज? ‘ते मुलींचं काम नाही’ हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिलेल्या आदेशानंतर एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली आणि ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या संचलन मैदानातून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. एनडीएच्या लष्करी शाखेसाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, म्हणजे कला शाखेच्या मुलीलाही ती वाट मोकळी आहे. ज्यांना ही माहिती असूनही नातीला सांगायची नाही, त्यांच्याशी माझं भांडण आहे.

‘पहाटे चारला उठून केलेला अभ्यासच लक्षात राहतो’

यात चूक आणि बरोबर एकमेकांत मिसळलेलं आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते, अशी झोपेच्या तज्ज्ञांची शिफारस आहे. शिवाय या वयात झोप यायची वेळच मुळात उशिरा सरकते. मेलाटोनिन हे झोपेची चाहूल देणारं संप्रेरक रात्री उशिरा वाढतं. तो आळस नव्हे. बाराला झोपलेल्या मुलाला चारला उठवलं, की वाचलेलं पक्कं करण्याचं जे काम मेंदू झोपेत करतो, त्यालाच कात्री लागते. दहाला झोपून लवकर उठत असेल, तर पहाट उत्तमच.

पण जुन्या घरांतली दुसरी एक सवय मात्र शंभर नंबरी होती आणि ती आपण हसत हसत सोडून दिली. परवचा. देवापुढे दिवा लागला, की हातपाय धुऊन मुलं मांडी घालून बसत आणि पाढे म्हणत. बेचे, तेराचे, एकोणतिसाचे, मग पावकी, निमकी, दिडकी. पुस्तक मिटलेलं असे. अडखळलं, की आजी स्वयंपाकघरातूनच ‘पुन्हा’ म्हणे. त्यात नुसती घोकंपट्टी होती, असं समजलं जातं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. परवच्यात नेमकं हेच होत असे: मिटल्या पुस्तकाने, रोज, आठवून म्हणणं. पुढच्या वर्षांत नातवंडांनी धडा चौथ्यांदा वाचण्यापेक्षा एकदा वही मिटून कोऱ्या कागदावर लिहून बघावा.

‘कर्ज काढून शिकू नये’

सावकाराच्या दारात उभं राहिलेल्या पिढीने हे सांगावं, यात नवल नाही. पण शैक्षणिक कर्ज वेगळं असतं. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होते आणि साडेसात लाखांपर्यंत बहुतेक योजनांत घर-शेत तारण ठेवावं लागत नाही.

मात्र मधल्या काळात व्याज थांबत नाही, हे मुलांना कोणी सांगत नाही. समजा, चार वर्षं दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख उचलले आणि दर १० टक्के सरळव्याज आहे. हप्ता सुरू व्हायच्या वेळी, म्हणजे पाचव्या वर्षअखेर, पहिल्या लाखावर पन्नास हजार, दुसऱ्यावर चाळीस, तिसऱ्यावर तीस, चौथ्यावर वीस हजार व्याज चढलेलं असतं. म्हणजे चार लाखांचे पाच लाख चाळीस हजार झाले. घरच्यांनी दर महिन्याला नुसतं व्याज भरत राहिलं, तर देणं चार लाखांवरच राहतं. कर्ज घ्यावं, पण हा हिशोब आधी कागदावर मांडून.

‘नुसती सही तर करायची आहे’

हा गैरसमज आजोबांचा नाही, नातवंडांचा आहे, आणि सगळ्यांत महाग पडणारा आहे.

अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत तुम्ही केलेला करार भारतीय कायद्याने मुळातच शून्य असतो. अठराव्या वाढदिवसानंतर त्याच सहीला पूर्ण वजन येतं. बारावी झालेली मुलं नेमकी या उंबरठ्यावर असतात आणि याच वर्षी बँकेत खातं, वसतिगृहाचा करार, मोबाइलचा हप्ता हे सगळं एकदम समोर येतं.

‘कोणाला जामीन राहू नकोस’ असं आजोबा म्हणतात, तेव्हा ते कंजूष वाटतात. १८७२ च्या करार कायद्याचं १२८ वं कलम त्यांच्या बाजूचं आहे. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागावं, मगच जामीनदाराकडे यावं, असं बंधनही नाही. पतसंस्थेच्या नोटिशीवर मित्राच्या खाली आपलं नाव बघितलेल्या माणसाला हे कलम वाचावं लागत नाही. ‘कोऱ्या चेकवर सही करू नकोस’ हेही तसंच. अर्धवट भरलेल्या सहीच्या चेकमध्ये रक्कम भरायचा अधिकार कायद्याने तो हाती असलेल्याला मिळतो.

आजोबांना माहीत नसलेली नवी गोष्ट यातच जोडतो. वसतिगृहात एखादा ओळखीचा मुलगा म्हणतो, ‘तुझ्या खात्यावर चाळीस हजार येतील, काढून दे, दोन हजार तुझे.’ किंवा खातं आणि सिमकार्ड महिनाभर ‘भाड्याने’ मागतो. ते पैसे बहुधा कोणाच्या तरी फसवणुकीचे असतात. खातं गोठतं आणि पोलिसांचं पहिलं बोलावणं खातेदाराला येतं. चूक झालीच, तर लपवू नका. घरी सांगा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

‘रॅगिंगने माणूस घट्ट होतो’

नाही. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. दोषी ठरलेल्याला कॉलेजातून काढतात आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. ‘आम्हीही सोसलं’ असं सांगून नातवाला गप्प बसवू नका.

तेव्हा आजी-आजोबांनो, कटऑफचा आकडा सांगण्याआधी यंदाची माहितीपुस्तिका नातवंडांकडून वाचून घ्या. आणि मुलांनो, अठरा पूर्ण झाल्यावर ज्या पहिल्या छापील करारावर सही करणार असाल, तो आजोबांना पहिल्या ओळीपासून शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचून दाखवा. त्यांनी ‘थांब’ म्हटलं, तर थांबा आणि का ते विचारा.