मोटारबोटीचें अश्वबळ

“गुरुजी, घनाचा व्यवहारांत उपयोग काय?” असें दरवर्षीं कोणी ना कोणी विद्यार्थी मला विचारीत असे. मी हौदाचें व पेटीचें उदाहरण देऊन वेळ मारून नेत असें. लांब पल्ल्याच्या मोटारबोटीचें उदाहरण तेव्हां सुचलें असतें, तर ‘लीलावती’तील परिकर्माष्टक मुलांना इतकें रुक्ष वाटलें नसतें.

बोट चालूं लागली कीं आपल्याभोंवतीं लाटा उठविते. वेग वाढतो तशी लाट लांबते, आणि ती बोटीएवढी लांब झाली म्हणजे बोट स्वतःच्याच लाटेच्या खळग्यांत सांपडते. पुढें जाणें म्हणजे मग चढण चढणें. पाण्याच्या रेषेवरील लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळास १·३४ नें गुणावें. ही मर्यादा नॉटमध्यें, म्हणजे तासीं सागरी मैलांत, मिळते. छत्तीस फुटांस ती आठ नॉट येते.

आतां घन पहा. या मर्यादेच्या आंत अश्वबळ स्थूलमानानें वेगाच्या घनाप्रमाणें वाढतें. मर्यादेजवळ तर त्याहूनही झपाट्यानें. आठ नॉटला ८० अश्वबळ लागतें असें धरूं. सहा नॉटला चौतीसच पुरतें! हजार सागरी मैलांस पहिल्या वेगानें १२५ तास लागतात, दुसऱ्यानें १६७. अश्वबळास तासीं पाव लिटरहून किंचित् कमी डिझेल धरलें, तर पहिला खर्च सुमारें २३०० लिटर, दुसरा सुमारें १३००. वेग पाऊण केला, आणि तेवढ्याच टांकींत पल्ला पावणेदोनपट झाला. भर समुद्रांत तेलाचा पंप नसतो. म्हणून हा हिशेब निव्वळ काटकसरीचा नव्हे, जिवाचा आहे.

अमेरिकी आरमारांतील कॅप्टन रॉबर्ट बीब यांची सिंगापूरला बांधलेली पन्नास फुटी ‘पॅसेजमेकर’ १९६३ सालीं हिंदी महासागर ओलांडून ग्रीसला पोहोंचली, ती वेगाचा हा मोह आवरूनच.

“मग दोनशें अश्वबळाचें इंजिन बसवून तें हळू चालवूं” असें कोणी म्हणेल. तेंही नको. फार हलक्या भारावर दीर्घकाळ चाललेल्या डिझेल इंजिनांत काजळी धरते. शांत पाण्यांतील गरजेवर उलट्या वाऱ्यासाठीं व लाटांसाठीं थोडी वाढ ठेवावी, विजेच्या यंत्राचें तेल निराळें मोजावें. आणि टांकीचा निदान पांचवा हिस्सा नाहींच असें समजून, मग नकाशावर बोट ठेवावें.