नोंदवहीतील तारखा काय सांगतात?

ट्रस्टचे काम कसे चालते, असे कोणी विचारले की आपण नियमावली पुढे करतो. अर्ज यावा, छाननी व्हावी, समितीने मंजुरी द्यावी, खजिनदारांनी धनादेशावर सही करावी. ही झाली ठरवून दिलेली वाट. काम प्रत्यक्षात कोणत्या वाटेने गेले, हे मात्र आवक-जावक वहीत आणि हल्ली संगणकात उमटलेल्या तारखांवरूनच कळते. त्या तारखा खणून खरी वाट शोधण्याच्या विद्येस ‘प्रोसेस मायनिंग’ म्हणतात. मायनिंग म्हणजे खाणकाम. आपल्या जोयडा तालुक्यात एके काळी मँगनीज काढले जात असे, तेव्हा हा शब्द आपणांस परका वाटू नये.

पूर्वी हॉलंडमधील आइंडहोव्हन येथे प्राध्यापक असलेले विल व्हान डर आल्स्ट हे ह्या विद्येचे प्रमुख प्रवर्तक होत. त्यांचा ह्या विषयावरील ग्रंथ २०११ साली निघाला. आज बँका, कारखाने, इस्पितळे तिचा उपयोग करतात. सामग्री तीनच गोष्टींची लागते: प्रकरण कोणते, त्यावर काय केले आणि केव्हा केले.

आपल्या राज्यात २ एप्रिल २०१२ पासून ‘सकाल’ योजना सर्वत्र लागू झाली. तीत अर्जास क्रमांक मिळतो व कामास मुदत असते. विलंबाबद्दल दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये, भरपाईची तरतूदही कायद्यात आहे. मुदत टळली हे त्यावरून कळते. परंतु ती कोठे टळली हे कळण्यास मधल्या तारखा हव्यात.

समजा, एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज १ जून रोजी आला आणि धनादेश ३१ जुलै रोजी निघाला. साठ दिवस! तोवर कॉलेजची फी भरण्याची तारीख उलटून गेली. सर्वांचा रोष शेवटची सही करणाऱ्या खजिनदारांवर. आता वही पाहा. छाननी १० जूनला. उत्पन्नाचा दाखला नाही म्हणून १२ जूनला अर्ज परत. ५ जुलैला तो पुन्हा दाखल. बैठक २८ जुलैला, सही ३१ जुलैला. खजिनदारांकडे तीन दिवस गेले. दाखल्यापायी तेवीस आणि बैठकीची वाट पाहण्यात आणखी तेवीस. विलंब टेबलावर नव्हे, दोन टेबलांच्या मध्ये झाला. अणशीहून दाखल्यासाठी जोयड्यास जाणे म्हणजे बापाचा एक दिवसाचा रोजगार बुडणे, हे तर वहीत कोठेच लिहिलेले नसते.

एका अर्जावरून निष्कर्ष काढू नये. दोन-तीन वर्षांचे सर्व अर्ज असे मांडले, आणि बरेच अर्ज परत गेलेले दिसले, तर दोष अर्जदारांचा नसून आपल्या छापील अर्जाचा आहे असे मी म्हणेन. संगणक हेच काम हजारो प्रकरणांवर करतो व वाटांचा नकाशा काढून देतो. नियम डावलून बैठकीआधीच सही झाली असेल, तर तेही त्यात दिसते.

मात्र तारीख खरी हवी. आठवड्याचा हजेरीपट शनिवारी एकदम भरणारे गुरुजी मी पाहिले आहेत. असल्या नोंदींतून कोणतेही यंत्र सत्य काढू शकणार नाही. शिवाय, ह्या साधनाचा कारकुनावर चाबूक होऊ लागला की तारखा खोट्या पडू लागतात.

आपल्या ट्रस्टला यंत्राची गरज नाही. शिष्यवृत्तीच्या वहीत पाच रकाने आखावेत: आला, तपासला, परत गेला, मंजूर झाला, पैसे दिले. ज्याने काम केले त्यानेच त्याच दिवशी तारीख घालावी. येत्या जूनपासून हे सुरू करता येईल.