सांता मुएर्ते : मेक्सिकोची मृत्युदेवता

मेक्सिकोच्या राजधानीत तेपितो ही गरिबांची गजबजलेली वस्ती आहे. २००१ साली तेथील एनरिकेता रोमेरो या महिलेने आपल्या घरापाशी, रस्त्यावरून सर्वांना दिसेल अशी, एक पुरुषभर उंचीची मूर्ती उभी केली. पायघोळ झगा ल्यालेला सांगाडा, हाती कापणीचा कोयता! हीच सांता मुएर्ते, म्हणजे ‘पवित्र मृत्यू’.

हे दैवत नवे नव्हे. स्पॅनिश अमदानीतील धर्मन्यायालयाच्या १७९७ सालच्या दप्तरात हे नाव आढळते. विसाव्या शतकाच्या मध्यास बहकलेला नवरा माघारी यावा म्हणून स्त्रिया तिला गुपचूप साकडे घालीत.

भक्त तिला लाडाने ‘फ्लाकिता’, अर्थात ‘हडकुळी’, म्हणतात. फुले, मद्य, सिगारेटी वाहतात. मागणे मात्र जगण्याचेच असते : दुखणे हटावे, मुलगा तुरुंगातून सुटावा, घरचे माणूस रात्री सुखरूप परतावे.

कॅथलिक चर्चला ही उपासना मान्य नाही. गुन्हेगारांची देवता ठरवून लष्करानेही २००९ साली अमेरिकेच्या सीमेलगतची तिची अनेक पूजास्थाने पाडली. तस्कर तिला भजतात हे खरे. परंतु तिच्यापुढे गृहिणी, फेरीवाले आणि पोलीसही हात जोडतात. मृत्यू रावरंक असा भेद करीत नाही. कायद्याच्या आणि धर्माच्या दारी ज्यांना सदैव भेदच अनुभवास आला, त्यांना म्हणूनच ती आपली वाटते.