चाकाचा जामीनदार

घरी स्पोर्ट्‌स कार बनवायची म्हटले की डोळ्यांसमोर येते ती लालभडक बॉडी, लांब बॉनेट आणि गुरगुरणारे इंजिन. मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला बसणारा एक तुकडा मात्र कुणाच्या स्वप्नात येत नाही. त्याला अपराइट म्हणतात. चाकाचे बेअरिंग त्याच्या पोटात असते, सांगाड्याकडून येणारे सस्पेन्शनचे आर्म त्याला वरखाली धरतात, ब्रेकही त्यालाच बांधलेला असतो. आमच्या बँकेच्या भाषेत तो चाकाचा जामीनदार. सगळे सुरळीत असेपर्यंत त्याची कुणाला आठवण नसते.

इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली लोटस सेव्हन आणली. तिचे सुटे भाग नेऊन लोक घरीच गाडी जोडत. तिला मागे अखंड आस होता. प्रत्येक मागचे चाक स्वतंत्र हलावे असे वाटले, की अपराइट आलेच. आपल्याकडे अलिबागच्या चिंकारा मोटर्सने सेव्हनच्याच धर्तीची रोडस्टर काढली. घरी गाडी करणारा मात्र इंजिन एकीचे आणि हब दुसरीचा असा संसार मांडतो. त्याला जुळणारे अपराइट बाजारात कुठून मिळणार? ते घडवावेच लागते.

घडवण्याची रीत ऐकायला सोपी आहे. पोलादी प्लेटी कापायच्या, जिगमध्ये घट्ट आवळायच्या आणि वेल्ड करायच्या. पण वेल्डिंगच्या आचेने लोखंड ओढले जाते, म्हणून बेअरिंगचे भोक शेवटचा हात फिरवून नेमक्या मापाचे करायचे ते वेल्डिंगनंतरच. तिथे हिशेब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा असतो. हलके म्हणून ॲल्युमिनियम घ्यावे, तर वेल्डजवळ त्याची उष्णतेने कमावलेली ताकद उतरते. ते अखंड ठोकळ्यातून कोरलेलेच बरे. मग ते तापवून, फुगलेल्या भोकात बेअरिंग बसवतात. निवल्यावर पकड घट्ट.

ही युक्ती परदेशी वाटते का? नसरापूर, भोर, वेल्ह्याच्या मुलखात बैलगाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती ओळखीची वाटेल. लोखंडी धाव लालबुंद तापवून लाकडी चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचे. आकसलेली धाव चाकाला कवटाळते. विद्या तीच आहे, फक्त माप बारीक झाले.

आणि वेगही वाढला. सातशे किलोची गाडी जोरात वळली, तर बाहेरच्या मागच्या एकट्या चाकावर अडीचशे किलोच्या आसपास आडवा जोर येऊ शकतो. वरंधा घाटाच्या वळणावर तो जोर अपराइटच्या एखाद्या वेल्डवर येतो. वेल्डमधली केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही, पण शेजारी बसलेल्या माणसाचा जीव तिच्यावर टांगलेला असतो.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, किक मारून सुरू होणारी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, पण ती नियमात बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल, असेही सांगितले. पुढच्याच महिन्यात तिच्या बदल्यात लोहारांच्या दारी नवी बोलेरो आली. कथा गोड झाली खरी, पण प्रत्येक कारागिराच्या नशिबी बोलेरो नसते.

नियम जाचक वाटतात, पण रस्ता सगळ्यांचा आहे. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी ‘सुप्रा’सारख्या स्पर्धा असतात. तिथे धावण्यापूर्वी गाडीची कसून तपासणी होते, त्यात उतरली तरच ती ट्रॅकवर जाते. गावच्या कारागिरालाही अशी तपासणी जवळपास, परवडेल अशा दरात का मिळू नये? कर्ज देताना आम्ही तारण पाहत होतो, हातातली कला पाहायला रकाना नव्हता. हुन्नर आपल्याकडे आहे. तो तपासून, ‘हे चालेल, हे मोडेल’ असे आधीच सांगणारा कुणीतरी हवा.